आवशीच्या गुलाबाचं कलम

आनंदीच्या माहेरी, देवगडच्या खाडीकाठी, घरापुढच्या खळ्यात एक गुलाब होता. घाटावर गुलाब म्हणजे काही मोठी अपूर्वाई नव्हे, तिथे तो कुंपणालाही लागतो. पण दर्याच्या काठी तो जगवायचा म्हणजे काय असतं, ते जगवणाऱ्यालाच ठाऊक. उन्हाळ्यात अंगाला कपडा चिकटेल असा उकाडा, पावसाळ्यात पेटीतल्या लुगड्यांनाही बुरशी येईल अशी ओल. श्रावण लागला की पानांवर काळे डाग उठतात, मग पानं पिवळी पडून गळतात, झाड काठीसारखं उघडं होतं आणि दिवाळीच्या आत मुळापासून कुजून जातं. मुंबईच्या चाकरमान्यांनी हौसेने आणलेले कितीतरी गुलाब त्या गावात असे गेले होते.

आनंदीच्या आईचा गेला नव्हता. तिने तो चिऱ्यांच्या ओट्यावर लावला होता, म्हणजे पावसाचं पाणी मुळाशी थांबायचं नाही. दुपारचं ऊन माडाची सावली अडवायची. पाणी घालायचं ते सकाळी आणि मुळाशीच, पानाला थेंब लागू द्यायचा नाही. चुलीतली राख घालायची. दसऱ्याला जुन्या फांद्या छाटून झाडाच्या पोटात वारा खेळता ठेवायचा. "गुलाबाक पाणी कमी आनी वारो जास्त होयो," असं ती म्हणायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. झाडं मारत मारतच ती शिकली होती.

फूल गडद गुलाबी, पाकळ्यांनी गच्च भरलेलं. वास तर असा की वाटेने जाणारा थांबायचा. आई म्हावरं, म्हणजे मासळी, विकायची. संध्याकाळी घरी आली की पाटी उतरवायची, हात राखेने घासायची आणि गळलेल्या पाकळ्या तळव्यांवर चोळायची. मग त्या हातांनी पोरांना भरवायची. आनंदीला आई आठवायची ती त्या वासासकट. लग्न होऊन देवबागेत आली, स्वतः म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन मालवणच्या बाजारात बसू लागली, तरी संध्याकाळी हात धुताना तिला तो वास हवासा वाटायचा. हातांना यायचा तो बांगड्याचाच.

सत्तावन्न सालच्या शिमग्याआधी आई गेली. बाराव्याला आनंदी माहेरी होती. सगळे जेवून उठल्यावर भावकीतल्या म्हाताऱ्याने वाटणीची गोष्ट काढली. हल्ली मुलींनाही हिस्सा मागता येतो, असं कुणीतरी कचेरीतून ऐकून आलं होतं. आनंदीच्या भावाचं, बाबलीचं, तोंड एवढंसं झालं.

"माका घर नको, माड नको," आनंदी म्हणाली. "बाबलीचा संसार हयसर आसा. माका आवशीचो गुलाब दी, बस."

लोक हसले. भावजय तर पदर तोंडाला लावून हसली. पण म्हाताऱ्याने ते मनावर घेतलं. सगळ्यांना गावाच्या राखणदार देवचाराच्या ठिकाणी नेलं, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवचारा म्हाराजा! आज ह्या घरातली म्हातारी गेली. तिची दोन पोरां तुझ्या पायाकडे उभी आसत. घर, माड, खळा ह्या झिलान राखूचा. चेडवाक आवशीचो गुलाब. ती तेच्यार खूश आसा. ह्यात जो कोण इकडचा तिकडा करीत, तेका तू बघून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने बाबली म्हणाला.

एवढं जुनं झाड उपटून देवबागेपर्यंत नेलं तर मरेल, हे सगळ्यांना कळत होतं. काडी लावूनही ते कधी रुजलं नव्हतं. आनंदीने देवबागच्या रेतीत पुष्कळदा लावून पाहिली होती, दरवेळी काळी पडून गेली होती. उपाय बाबलीनेच काढला. तो भाईंच्या हापूसच्या बागेत कामाला होता. भाई म्हणजे तिथले मोठे बागायतदार. त्यांच्याकडे बाबली आंब्याची कलमं बांधायला शिकला होता आणि त्याच्या हाताला यश होतं.

"बाय, काडयेन तां व्हायचा नाय," तो म्हणाला. "मी कलम बांधून देतंय. भाईंनी घाटावरसून रानगुलाबाची रोपां हाडल्यानी आसत. तेची मुळां चिवट. एक मागान घेतंय. मुळां रानट्याची, फांदी आवशीची."

आनंदी त्याची थोरली बहीण. तिने त्याला कडेवर वाढवलं होतं, त्याच्या नाकाला पदर लावला होता. त्याने असं म्हटल्यावर तिला धन्य वाटलं.

चैत्रात ती पुन्हा गेली तेव्हा त्याने कलम बांधून ठेवलं होतं. आईच्या गुलाबाशेजारी फळी मांडून, तिच्यावर मडक्यात रानगुलाबाचं रोप ठेवलेलं. दोघांची साल एकेका बाजूने बोटभर सोललेली आणि सोललेल्या जागा एकमेकींना लावून केळीच्या सोपटाने घट्ट बांधलेल्या.

"बघ, आवस आनी पोर कशी बिलगली हत," बाबली म्हणाला. "आता दोघांचो जीव एक झालो की मगे कापूचा. गाठीच्या खालसून आवशीची फांदी तोडूची, आनी गाठीच्या वयसून रानट्याचो शेंडो. मगे रवता काय? खाली रानटी, वर आवस."

"चुकीचो शेंडो तोडू नको हां मेल्या," आनंदी म्हणाली.

"तुझो भाव आसय मी, काय भाईंचो नवो गडी?" दोघं हसली.

मिरगाच्या तोंडाला बाबली स्वतः कलम घेऊन देवबागेत उतरला. कलम म्हणजे नुसत्या काड्याच. एकही पान नव्हतं. गाठीभोवती शेणमातीचा जाड लेप.

"पाना मीच काढलंय, वाटेत सुकतली म्हणान. आनी ही गाठ उघडू नको. वारो लागलो तर कलम मरतला. आपोआप लेप पडाक दी."

आनंदीने त्याला पेडव्याचं तिखलं आणि भात वाढला. तो खाली मान घालून जेवला आणि मुक्काम न करता परतला. एरवी तो बहिणीकडे दोन दिवस राहिल्याशिवाय जायचा नाही.

देवबाग म्हणजे एका हाताला दर्या, दुसऱ्या हाताला खाडी आणि मधे रेव. तिथे गुलाबाला माती कुठली? आनंदीचा नवरा लवू याने आपली फुटकी होडी खळ्यात ओढून आणली आणि खाडीपलीकडून तांबडी माती आणून तिच्यात भरली.

"माझी होडी जन्मभर दर्यान बुडवल्यान नाय," तो म्हणाला, "ती आता बायलेच्या गुलाबान बुडवल्यान."

होडीच्या तळाला भोकं होतीच, पाणी आपसूक झिरपून जायचं. आनंदीने आईचं सगळं आठवून आठवून केलं. दर्याकडून खारा वारा येतो म्हणून त्या बाजूला माडाच्या झावळ्यांचा कूड बांधला. सकाळी मुळाशी पाणी, चुलीतली राख. आईने कधी केलं नव्हतं असं एक काम तिने आपल्या बुद्धीने केलं. म्हावरं धुतलेलं पाणी ती झाडाला घालू लागली.

झाड असं फोफावलं की पाहत राहावं. पहिल्याच पावसाळ्यात ते होडीच्या काठावरून बाहेर आलं. श्रावणात डाग नाही, पानगळ नाही. आनंदी रोज बाजारातून आल्यावर पाटी उतरवायच्या आधी त्याच्याकडे जायची.

शेजारच्या घरात राधाबाई राहायची. तिला मागे ना पुढे कुणी. भाऊ तर जन्मापासूनच नव्हता. दर भाऊबीजेला ती निरांजनाचं ताट घेऊन किनाऱ्यावर जायची आणि दर्यावर टेकलेल्या बीजेच्या चंद्राला ओवाळून यायची. आनंदीला तेव्हा तिची कीव यायची. आपल्या भावासाठी केलेल्या पोह्यांतली एक वाटी ती राधाबाईला नेऊन द्यायची.

"काय गो, तुझी नवरी न्हाणाक कधी येतली?" गुलाबाकडे बघून राधाबाई विचारायची.

"येतली. घाई काय आसा?"

एकदा राधाबाईने फांदी हातात धरली. "आनंदी, आवशीच्या गुलाबाच्या देठाक पाच पाना म्हणत होतंस मा? हेका तर सात हत."

आनंदीला ते आधीच दिसलं होतं. मनात कुठेतरी टोचलंही होतं. पण ती म्हणाली, "म्हावऱ्याचा पाणी पिऊन माजला मेला. तू जेवलंस तर तू पण माजतलंस."

भाऊबीजेला बाबली आला. तिने ओवाळलं, त्याने ताटात लुगडं ठेवलं.

"फुला कधी येतली रे?"

"वायच दम धर. कलमाक वेळ लागता."

"मी एकदा येवन आवशीचा झाड बघून जातंय. दसऱ्याक छाटलंस काय नाय?"

"तू कित्याक तरास घेतंस? मीच येतंय मा दरवर्साक." तो पोहे चिवडत राहिला.

त्या वर्षी सासरा अंथरुणाला खिळला. मग त्याचं सगळं उरकण्यात दुसरं वर्ष गेलं. आनंदीला देवगडकडे जायला झालंच नाही आणि बाबलीनेही ये म्हटलं नाही.

मग तिसऱ्या पावसाळ्याच्या उतरणीला, नवरात्रात, झाडाला कळ्या आल्या. एकेका देठावर झुबकाच. आनंदीने लवूला ओढत नेऊन दाखवल्या. पहिलं फूल देवचाराला पाठवायचं, दुसरं आपण तळव्यांवर चोळायचं, असं तिने ठरवूनही टाकलं. कळ्या बारीक होत्या, पण नव्या झाडाच्या बारीकच असायच्या.

दसऱ्याच्या सकाळी त्या उमलल्या. पांढऱ्या. पाच पाकळ्यांच्या, आरपार उजेड दिसेल अशा पातळ, मधे पिवळा ठिपका. आनंदीने नाक जवळ नेलं. पावसात भिजलेल्या गवताला येतो तेवढाच वास.

राधाबाई कुडाशी येऊन उभी राहिली. "ह्या काय गो? गुलाब काय रानातल्या कुड्याचा फूल?"

आनंदी घरात जाऊन म्हावरं कापायची सुरी घेऊन आली आणि होडीत गुडघे टेकून बसली. गाठीवरचा लेप दगडासारखा झाला होता. तीन पावसाळे तिने त्याला बोट लावलं नव्हतं. आता तो तिने सुरीच्या टोकाने फोडला.

आत सोपट कुजून गेलं होतं, पण गाठ चांगली धरली होती. दोन काड्या एकमेकींत अशा मिसळल्या होत्या की शिवण दिसत नव्हती. आईची फांदी खालून तोडलेली होती, तशी ती तोडायलाच हवी होती. पण ती वरूनही तोडलेली होती. गाठीला लागून, साफ, एका घावात. उरला होता तो नखाएवढा वाळका खुंट. रानट्याचा शेंडा मात्र जसाच्या तसा ठेवलेला. तोच वाढला होता, त्याचीच ही पांढरी फुलं.

चुकून एक शेंडा तुटू शकतो. पण कलम बांधणारा माणूस गाठीच्या वरून आणि खालून तीच फांदी तोडत नाही. शिवाय वर पानं ओरबाडून, लेप लावून, "उघडू नको" म्हणून बजावत नाही. आनंदी जन्मभर सुरी चालवत आली होती. घसरलेला घाव कोणता आणि घातलेला कोणता, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"जगला होता गो," ती राधाबाईला म्हणाली. "आवशीन जीव धरलो होतो. बाबलीन मगे मारल्यान."

तिने खुंटाकडची गाठ तेवढी तासून काढली. रानटा होडीत तसाच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी लुगड्याच्या ओच्यात ती गाठ बांधून ती देवगडच्या एस.टी.त बसली.

माहेरच्या खळ्यात चिऱ्यांचा ओटा होता. त्यावर कपडे धुवायची शिळा बसवलेली होती. भावजय धुणं धूत होती.

"आवशीचो गुलाब खंय?" आनंदीने विचारलं.

भावजयीच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. "तुमका ठावक नाय? ह्येंनी सांगूक नाय? तो भाईंच्या बंगल्यार नेलो. तां कलम तुमका दिल्यानी तेच मिरगात. मुळासकट, मातयेच्या गड्ड्यासकट, चार गडी लावन. भाईंक लय आवडलो होतो. तेच्या मगेच तर ह्येंका मुकादम केल्यानी."

भाईंचा बंगला टेकाडावर होता. आनंदी दगडी गडग्याच्या बाहेर उभी राहिली. आत, दर्याचा वारा लागणार नाही अशा बेताने, चिऱ्यांचा नवा ओटा बांधलेला होता आणि त्यावर आईचा गुलाब होता. तिने तो गर्दीतही ओळखला असता. फांद्या आई छाटायची तशाच छाटलेल्या. बाबलीच्या हातच्या. फुलं लगडली होती.

भाई व्हरांड्यात होते. अनोळखी बाई गडग्याशी दिसली म्हणून पायऱ्या उतरून आले. माणूस वाईट नव्हता.

"काय हवंय बाई?"

"गुलाब बघतंय."

"बघा की. अख्ख्या देवगडात असा गुलाब नाही. पावसात एक पान गळत नाही. आमच्या बाबलीनं दिलाय. म्हणाला, आईनं लावलेला होता, आता घरात त्याला विचारणारं कुणी नाही. मी त्याला सांगून ठेवलंय, याची काडी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. हा इथेच असला पाहिजे."

त्यांनी एक फूल तोडून गडग्यावरून तिच्या हातात दिलं. आनंदीने ते नाकाशी नेलं. पाटी उतरवून आई जवळ येऊन बसली, असं झालं. तिचे डोळे भरले. ते भाईंना दिसू नयेत म्हणून तिने तोंड फिरवलं.

"विचारणारा कोण नाय, असा म्हटल्यान?"

"हो, असंच म्हणाला."

तिने फूल गडग्याच्या चिऱ्यावर ठेवून दिलं आणि टेकाड उतरली. बाबली वरच्या बागेत होता. तिने त्याला बोलावलं नाही. माहेरी परत येऊन ओच्यातली गाठ भावजयीच्या हातात दिली. "बाबलीक दी. तेचीच आसा." घोटभर पाणीही न पिता ती परतली.

दिवाळी आली. बाबली यंदा येणार नाही, असं लवूला वाटत होतं. आनंदीने मात्र पोहे कांडले, खळं सारवलं, निरांजन घासून ठेवलं.

भाऊबीजेला उन्हं कलताना बाबली आला. लुगड्याचा पुडका आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. तो खळ्यातच थांबला. होडीतल्या रानगुलाबाकडे त्याने पाहिलं नाही.

"बाय, रागावलंस?"

"बस," ती म्हणाली. लवूने पाट मांडला होताच.

"आयक माझा. मी कलम तुकाच द्यायचा म्हणान बांधलंय होतंय. देवाशपथ. मगे भाईंनी झाड बघितल्यानी. माका तेंका नाय म्हणूक जमला नाय गो. माझी चार पोरां हत."

"माका सांगूचा होता."

"सांगलंय असतंय तर तू देवचारासमोरचा काढलं असतंस."

"नाय काढलंय असतंय. मी रडलंय असतंय आनी गप रवलंय असतंय. तुका ठावक आसा तां."

बाबलीला ते ठाऊक होतं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आनी तसा पण, ह्या रेवेत आवशीचा झाड जगाचा नाय होता. म्हणान तुका जगतला तां दिलंय. बघ कसा वाढला!"

"मराक दिवचा होता! माझ्या हातान मेला असता. तीन वर्सां मी तुझ्या रानट्याक आवस म्हणान पाणी घातलंय रे बाबली. राख घातलंय. तेच्याकडे बसान बोललंय. आनी तू हयसर ह्याच पाटार बसान पोहे खालंस, आनी दम धर म्हणालंस."

लवू उठून कुडाकडे गेला. बाबलीने घाईघाईने ओलं फडकं सोडलं. आत आईच्या गुलाबाची एक काडी होती, पाच पाच पानांची.

"ही घे. आता चांगला बांधून देतंय. तुझ्या समोर. फक्त भाईंच्या कानार जावक देव नको. तेंच्या नकळत तोडून हाडलंय."

"चोरून हाडलंस?"

"तुझ्यासाठी."

"आवशीची काडी," आनंदी म्हणाली, "आवशीच्या चेडवाक, चोरून."

तिने काडीला हात लावला नाही. निरांजन पेटवलं, ताटात हळदकुंकू, अक्षता, सुपारी ठेवली. बाबली पाटावर सावरून बसला आणि त्याने टोपी नीट केली. त्याला वाटलं, सुटलो.

आनंदी ताट घेऊन त्याच्यासमोर आली आणि त्याच्या बाजूने पुढे गेली. खळ्याची पायरी उतरून, माडांतून, किनाऱ्याकडे. रेवेत राधाबाई आपलं ताट घेऊन उभी होती. आनंदीला बघून ती चपापली.

"गो, तुझो भाव खळ्यात बसलो मा? आनी तू हयसर?"

"माका भाव नाय, राधाबाई. सरक वायच."

बीजेचा चंद्र नखाएवढा, दर्यावर टेकायला आला होता. दोघी बायका एकीशेजारी एक उभ्या राहिल्या आणि त्यांनी ओवाळलं. वाऱ्याने आनंदीचं निरांजन दोनदा विझायला झालं, राधाबाईने पदर आड धरला. माडांतून मागे बघितलं असतं तर पाटावर बसलेला बाबली दिसला असता, आणि त्यालाही त्या दिसतच होत्या. आनंदीने मागे बघितलं नाही.

ती परत आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. काडी मांडीवर. तिने ताट कोनाड्यात ठेवलं, पोह्यांची वाटी आणून त्याच्यासमोर ठेवली आणि पाण्याचा तांब्या.

"बाय..." तो म्हणाला.

"जेवन जा," आनंदी म्हणाली. "ह्या घरातसून पावणो उपाशी जाणा नाय."

मग ती विहिरीकडे हात धुवायला गेली.